साडेतीन फ्रेंच

मराठी माणसाला वेढ्यांचा इतिहास फार आवडतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा आपल्याला इतका पाठ असतो, की जणू रसद पोहोचवायला आपले आजोबाच गेले होते. पण वेढ्याची आणखी एक जात आहे. तिच्यात बाहेरचे आत येण्याची अडचण नसते. आतले बाहेर पडत नाही, हीच पंचाईत असते. या वेढ्यात किल्ला म्हणजे एक बोका असतो आणि अडलेली खिंड म्हणजे त्याची लघवीची नळी. विषय जरा ओला आहे हे मला मान्य आहे. पण इतिहास काही सगळाच कोरडा नसतो. तो तसा वाटतो याला आम्ही इतिहासाचे मास्तर जबाबदार आहोत.

आपल्याकडे जनावरांच्या औषधपाण्याचा इतिहास लहानसहान नाही. घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र होते, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद होता. अश्वचिकित्सेवरचा एक ग्रंथ तर पांडवांपैकी नकुलाच्या नावावर सांगतात. कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती लढाईला जायचे. मांजर लढाईला जात नाही. ते लढाई घरी आणते. इंग्रजांचेही धोरण तेच. मुंबईला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुण्यात १८८९ साली गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. चिंता होती ती गुरांच्या बुळकांडीची. बोक्याच्या लघवीसाठी साम्राज्य हालत नसते.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण हा पंक्तिप्रपंच आमच्याकडे त्याही आधीपासून आहे. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, भोवरे मोजतात आणि मग लाखांच्या गोष्टी करतात. बैलाला पोळा आहे, गायीला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजराला काय आहे? तर फक्त आडवे जाण्याचा हक्क.

वास्तविक मांजराचा आपल्याशी संबंध जुना आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले एक मांजर सापडले, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे. माणसाने धान्य साठवले, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. त्याला कोणी बोलावले नव्हते. पण आपल्याला बोलावलेच होते असा चेहरा ते तेव्हापासून करत आहे. त्याचे पूर्वज वाळवंटाकडचे रानमांजर. पाणी मिळायची मारामार. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडे भलती काटकसरी झाली. थेंब थेंब पाणी परत शोषून घ्यायचे आणि लघवी दाट करून सोडायची. रानात हे चालून जायचे, कारण उंदराच्या अंगातच भरपूर पाणी असते. मग माणसाने मांजराला कोरड्या दाण्यांच्या पिशव्या आणून दिल्या आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या नंदुरबारात नेऊन ठेवले. मूत्रपिंडे मात्र त्याच जुन्या काटकसरीने संसार करीत राहिली.

आमच्या बोक्याचे नाव सखारामबापू. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक सखारामबापू बोकील. आणि बोकील हे आडनाव असलेला शहाणा हाताशी असताना बोक्यासाठी दुसरे नाव शोधणे हा इतिहासाचा अपमान झाला असता. २०२४ च्या मे महिन्यात एका सकाळी बापू वाळूच्या घमेल्यात बसले. उठले. पुन्हा बसले. अर्ध्या तासात सहा वेळा बसले आणि बाहेर आला तो फक्त आवाज. "मिरचीचा ठसका लागला असेल," असे शेजारच्या आजी म्हणाल्या. आमच्या गावात मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की कुठल्याही दुखण्याचे खापर मिरचीवर फुटते. दुसऱ्या शेजाऱ्यांनी बद्धकोष्ठाचे निदान करून एरंडेल काढले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र घमेल्यातली वाळू बोटाने चाचपली, कोरडी आहे असे जाहीर केले आणि बापूंना पिशवीत घालून सरळ डॉक्टरांकडे निघाल्या. मी चपला घालेपर्यंत त्या रिक्षात होत्या.

या घाईला कारण आहे. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे चिंचोळी होत जाते. शेवटी शेवटी जेमतेम मिलिमीटरभर. तिच्यात बारीक खडे आणि चिकट स्राव यांचे बूच बसले की वाट बंद. मांजरीची नळी आखूड आणि रुंद असल्यामुळे तिच्यावर ही वेळ सहसा येत नाही. वाट बंद झाली की लघवीतले विष रक्तात साठते, पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोन-तीन दिवसांत जनावर जाते. तेव्हा बोका वारंवार बसतो आहे आणि काही होत नाही असे दिसले, तर उद्या बघू म्हणायचे नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. फुगलेले मूत्राशय लिंबासारखे टणक लागत होते. ते म्हणाले, "भूल द्यावी लागेल. हृदयावर ताण आहे. नाही केले तर वाचणार नाही. केले तर वाचेलच असे सांगत नाही. करू का?"

मला एकदम सुश्रुत आठवला. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्याने हेच सांगून ठेवले आहे. काही न केल्यास मृत्यू नक्की, केल्यास संशय. म्हणून वैद्याने आधी स्वामीची परवानगी घ्यावी आणि मगच शस्त्र हातात धरावे. हजारो वर्षांपूर्वीचा तो वैद्य आणि आमचे डॉक्टर एकाच कचाट्यात सापडले होते. सुश्रुताचा स्वामी म्हणजे राजा. आमच्या घरचे राजेपद कोणाकडे आहे हे डॉक्टरांनी ओळखले असावे, कारण माझ्याकडे न बघता ते सौभाग्यवतींकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत, आणि आमच्या तीस वर्षांच्या संसारात अशी वेळ फार थोड्यांदा आली आहे.

बोक्यासाठी लागणारी नळी साडेतीन फ्रेंच मापाची असते. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात शारिएर नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर होऊन गेला. त्याने नळ्यांची मापे ठरवून दिली; एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे साडेतीन फ्रेंच ही सव्वा मिलिमीटरहूनही बारीक नळी. पण मला भावले ते साडेतीन. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, त्यातले अर्धे पीठ म्हणजे आमच्या खानदेशाची सप्तशृंगी, आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीन. आता त्या शहाण्यांपैकी एकाच्या नावाच्या बोक्यात साडेतीनची नळी जाणार होती. ही नळी डॉक्टरांनी सुरतेहून आणून ठेवली होती. मराठ्यांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरतेहून बरेच काही आणले, पण आमच्या घराला उपयोगी पडली ती एवढीच लूट.

नळी गेली. वेढा फुटला. नळी तीन दिवस आत ठेवावी लागली आणि शिरेतून सलाईन चालू राहिले. कारण कोंडी फुटल्यावर मूत्रपिंडे उधळपट्टीला लागतात. लघवीचा लोंढा येतो आणि आता पाणीच कमी पडायची भीती असते. चौथ्या दिवशी बापू गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे घालून घरी आले. वाड्यावर परतलेल्या कारभाऱ्याचा थाट होता. फक्त पगडी खाली सरकून गळ्यात आली होती.

खरी परीक्षा यानंतर असते. पहिल्या आठवडा-पंधरवड्यात वाट पुन्हा बुजण्याचा धोका सर्वांत मोठा. डॉक्टरांनी सांगितले, "किती वेळा गेला, किती मोठे ओले ढेकूळ झाले, लिहून ठेवा." मी वही घातली. उभ्या आयुष्यात मी शकावल्या पाठ करून घेतल्या, पण स्वतः लिहिलेली शकावली ही पहिलीच. "पहाटे ४.१०, बेताची. सकाळी ९.३०, समाधानकारक. दुपारी २, नुसतेच बसणे, चिंता." घरात पाण्याची पाच भांडी मांडली, कारण मांजराला जेवणाच्या ताटाशेजारचे पाणी आवडत नाही असे म्हणतात. कोरडे दाणे बंद झाले. डॉक्टरांनी सांगितलेले ओले खाणे वर पाणी घालून द्यायचे. धन्याचे पाणी, गोखरूचा काढा, सातूची पेज असे सल्ले दारावर येत होते. आम्ही ते हसून घेतले आणि बापूंना काही दिले नाही. एका सज्जनांनी त्याच्या दुखण्यावर आपल्या खिशातली पॅरासिटामॉलची गोळी पुढे केली. ही गोळी मांजराला विष आहे. तेवढी मात्र हसून न घेता परत केली.

खानदेशात माणूस भेटला की "जेवना का?" असे विचारतात. त्या पंधरवड्यात शेजारच्या आजी मला कुंपणावरून विचारत, "मास्तर, बोका मुतना का?" आणि मी भर रस्त्यात, सायकलवरून उतरून, "मुतना, आजी," असे अभिमानाने सांगत असे. एरवी असले शब्द वर्गात उच्चारले म्हणून मी पोरांना बाकावर उभे केलेले आहे.

हे दुखणे होते कशाने, याचा इतिहास तर वेगळाच मजेशीर आहे. १९७० साली त्याला "फेलाइन युरोलॉजिक सिंड्रोम" असे भारदस्त नाव मिळाले. तेव्हा दोष खाण्यातल्या राखेला, म्हणजे क्षारांना देत. मग सगळा दोष मॅग्नेशियमवर आला. नंतर कळले, की लघवी किती आम्ल आहे यावर बरेच अवलंबून असते. कंपन्यांनी खाणे आम्ल केले. जुन्या जातीचे खडे कमी झाले, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे दुसरे खडे वाढले. ज्यांची वाट पुन्हा पुन्हा बुजते, त्यांच्यासाठी १९७१ साली विल्सन आणि हॅरिसन यांनी चिंचोळे टोक काढून मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी दाखवून दिले, की पुष्कळदा मूळ मूत्राशयात नसतेच. ते मांजराच्या अस्वस्थपणात असते. घरातली भांडणे, पाहुणे, जागा बदलणे, कंटाळा. २०११ साली त्यांनी याला "पँडोरा सिंड्रोम" हे नाव सुचवले.

हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले, तेव्हा घरात शांतता राखायची असा हुकूम सुटला. टीव्हीवरच्या चर्चा बंद झाल्या. भाजीत मीठ कमी की जास्त हा जुना वाद तहकूब झाला. मोठ्या आवाजात फोनवर बोलणारा माझा मेहुणा येणार होता, त्याला बोक्याच्या प्रकृतीचे कारण सांगून पुढची तारीख दिली. तीस वर्षांत माझ्या रक्तदाबासाठी जे झाले नाही, ते बापूंच्या मूत्राशयासाठी पंधरा दिवसांत झाले. माझा रक्तदाबही त्या पंधरवड्यात उतरला. त्याची नोंद मात्र कोणी वहीत केली नाही.

वही अजून आहे. त्या पंधरवड्यातले एक पान मी कधीकधी उघडतो. तिथे माझे अक्षर नाही, सौभाग्यवतींचे आहे. मला झोप लागली होती आणि त्या जाग्या होत्या. "पहाटे ३.२०. भरपूर. देवा." इतिहासाची पुष्कळ साधने मी वाचली आहेत, त्यांत याहून विश्वसनीय कागद माझ्या पाहण्यात नाही.