मेनवेरिंग, स्कॉट
अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात अध्यापन. नवलोकशाही देशांतील, विशेषतः लॅटिन अमेरिकेतील, पक्षपद्धतींचे अभ्यासक. टिमथी स्कली यांच्यासह १९९५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी पक्षपद्धतीच्या ‘संस्थीकरणा’ची संकल्पना मांडली. पक्ष किती आहेत, यापेक्षा ते कितपत रुजले आहेत हे पाहावे, हा त्यांचा आग्रह मोलाचा आहे. त्यासाठी स्पर्धेतील सातत्य, समाजातील मुळे, लोकमान्यता आणि संघटना हे चार निकष त्यांनी ठरवले. सातत्य मोजण्यासाठी लागोपाठच्या दोन निवडणुकांतील प्रत्येक पक्षाच्या मतांच्या टक्केवारीतील फरकांची बेरीज करून तिची निमपट, म्हणजेच अस्थिरतेचा निर्देशांक, घेतात. एकूण मतांपैकी दहा टक्के मते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, तर निर्देशांक दहा येतो.

ब्राझीलवरील त्यांचा १९९९ चा ग्रंथ सर्वांत कसदार म्हणावा लागेल. तेथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी अख्खे राज्य हाच एक मतदारसंघ. मतदार पसंतीच्या उमेदवाराला थेट मत देऊ शकतो. त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांची मते खेचतात, पक्षनिष्ठा पातळ होते आणि निवडून आल्यावर पक्षांतर त्या काळी सर्रास चालत असे. अशाच वातावरणात १९८९ मध्ये फेर्नांदू कोलोर हे एका नवख्या, छोट्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १९९२ मध्ये महाभियोगाला सामोरे गेले.

१९९५ च्या ग्रंथात भक्कम ठरवलेली व्हेनेझुएलाची पक्षपद्धती मात्र पुढे कोसळली. १९९८ मध्ये प्रस्थापित पक्षांबाहेरचे ऊगो चावेस तेथे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. २०१८ च्या संपादित ग्रंथात मेनवेरिंग यांनी अशा ऱ्हासाचीही कारणमीमांसा केली.