दहा रुपयांची बंदूक

आमच्या जाफराबादला केळणा नदी पूर्णेला मिळते. याच केळणेच्या काठाने वर गेले की आसई लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. वर्गात मी पराभवाचे कारण सांगत असे : इंग्रजांची शस्त्रे श्रेष्ठ होती. मुले पेपरात तेच लिहीत आणि मी पूर्ण गुण देई. निवृत्तीनंतर निवांत वाचन झाले, तेव्हा कळले की ते उत्तर चूक होते.

महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या करवून घेतल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश गृहस्थ तोफा ओतवी आणि बंदुकाही घडवून घेई. एक बंदूक दहा रुपयांना पडे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे.

बंदूक तशी साधीच. नळी, लाकडी दस्ता, ठासायचा गज आणि चाप-घोड्याची कळ. घोड्याच्या जबड्यात गारगोटी. चाप ओढला की ती पोलादावर आपटे, ठिणगी रंजकावर पडे आणि नळीतली दारू पेटे. उघडायची तर आधी गज काढायचा, मग दोन स्क्रू सोडवून कळ वेगळी करायची, शेवटी नळी. कंपनीच्या शिपायाची बंदूकही याच जातीची. तिच्या नळीचा व्यास साधारण पाऊण इंच, म्हणजे आजच्या बारा बोअरहून किंचित मोठा.

त्या काळी कळीचा एकेक भाग कारागीर कानशीने घासून बसवी. त्यामुळे एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला लागेलच असे नव्हते. आजच्या पंप बंदुकीला त्याच मॉडेलचा सुटा भाग आणून बसवता येतो, ती सोय यंत्रांनी पुढे आणली. तोफांची गोष्ट मात्र निराळी. आसईला शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. वेलस्लीने स्वतःच लिहून ठेवले आहे की शिंद्यांच्या तोफा आपल्या सैन्यात चालण्याइतक्या उत्तम आहेत, टिपूच्या मात्र कधी वापरता आल्या नव्हत्या.

मग हरलो कशाने? १८०२ साली पुण्याजवळ होळकर आणि शिंदे-पेशवे एकमेकांशीच लढले. त्याच वर्षअखेर पेशव्यांनी वसईचा तह करून कंपनीचा आसरा घेतला. आसईच्या वेळी यशवंतराव होळकर बाजूलाच राहिले. कंपनीने जाहीरनामा काढताच शिंद्यांकडचे अनेक इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले. लढाईच्या दिवशी शिंदे-भोसले घोडदळासह निघून गेले. गोलंदाज मात्र तोफांपाशी उभे राहिले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे जाताच उठून मागून तोफा डागू लागले. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. वॉटर्लू जिंकल्यावरही तो आसईला आपली सर्वोत्तम लढाई मानी.

म्हणजे बंदूक चांगली होती, तोफ चांगली होती, ती चालवणारा माणूस तर फारच चांगला होता. दौलतीचे भाग मात्र एकमेकांना बसत नव्हते, आणि ते घासून बसवणारा कारागीर महादजींबरोबर १७९४ सालीच गेला होता.

ज्या मुलांना मी पूर्ण गुण दिले, त्यांची मुले आता शाळेत जातात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचले, तर घरी एवढे सांगावे की गुरुजींनी उत्तर दुरुस्त केले आहे.