तांबडी यादी आणि तांबडा त्रिकोण

डहाणू तालुक्यासाठी केंद्र सरकारने एक स्वतंत्र हुकूम काढलेला आहे आणि तो आपल्या विवळवेढ्यासही लागू आहे, ही गोष्ट मंडळातील पुष्कळ भगिनींनी कानावरून गेली असूनही कधी नीट पाहिलेली नाही. महालक्ष्मीच्या जत्रेचा इतिहास आपल्यापैकी कोणीही सांगेल. या हुकुमाचा इतिहास सांगणारे मात्र थोडे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला.

हा हुकूम म्हणजे २० जून १९९१ ची अधिसूचना. ज्या कायद्याखाली ती निघाली, तो पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ चा. त्याच्यामागे भोपाळ होते. १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या रात्री, तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्या वायूचे नावदेखील शेजारच्या वस्तीला आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. कारखाना कशाचा आहे, त्यात काय साठविले आहे आणि ते सुटले तर कोठवर जाईल, हे आधी तोलून पाहावयास हवे, ही जाग देशाला त्यानंतर आली.

तोलावयाचे ते कसे? डहाणूच्या अधिसूचनेने रंगांचा उपाय घेतला. त्यापूर्वी १९८९ साली दून खोऱ्यासाठी तोच वापरला गेला होता. हिरव्या यादीतील उद्योगांना वाट मोकळी, नारिंगी यादीतील उद्योगांना केंद्राची परवानगी लागणार आणि तांबड्या यादीतील उद्योगांना मज्जाव. रंगद्रव्ये आणि कीटकनाशके तयार करणारे कारखाने असल्या तांबड्या वर्गात मोडतात. उद्योगांसाठी सबंध तालुक्यात ५०० एकरांपेक्षा अधिक जागा द्यावयाची नाही, असेही बंधन घातले. मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही राखावयास सांगितला होता.

हे सारे आपोआप घडले नाही. समुद्रकाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र येणार, असे कळल्यावर डहाणूच्या नर्गिसबाई इराणी आणि त्यांचे सहकारी यांनी न्यायालयाची पायरी चढली. दगडी कोळसा जळला की गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, बाहेर पडतो. तो छातीला बाधतो आणि झाडांच्या पानांनाही. चिकूच्या बागांवर पोट असलेल्या तालुक्याला ही धास्ती वाटली यात नवल नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वीजकेंद्राविरुद्धचे अपील फेटाळले. पुढे बिट्टू सहगल यांच्या अर्जावर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याच न्यायालयाने डहाणूसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमण्यास सांगितले. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, तोवर डहाणू म्हटले की त्यांचे नाव निघे.

न्यायालयाने प्राधिकरणाला दोन तत्त्वे घालून दिली होती. ज्याने घाण केली त्याने भरपाई करावी, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे : अपायाचा पुरता पुरावा हाती येईपर्यंत स्वस्थ बसू नये. आपण स्वयंपाकघरात नेमके हेच करतो. भाजी उतरल्यासारखी वाटली की ती ताटात वाढीत नाही, कोणी आजारी पडण्याची वाट पाहत नाही. या तत्त्वाचे फळ डहाणूला दिसले. प्राधिकरणाने १९९९ साली वीजकेंद्राला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. ती यंत्रणा २००७ साली सुरू झाली. मधली आठ वर्षे कशी गेली, ते वकील मंडळी जाणोत! समुद्राच्या पाण्यात मुळातच थोडा क्षारगुण असतो, त्याच पाण्याने हा आम्लवायू धुतला जातो.

हुकूम नसता तर काय झाले असते, ते पाहावयास लांब जावे लागत नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणाचे केंद्रीय मंडळाने २०१८ साली जे मापन केले, त्यात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

याद्या मात्र कायम राहत नाहीत. २०१६ साली केंद्रीय मंडळाने गुणांकनाची पद्धत आणली. तेव्हा ६० आणि त्यावर गुण ते तांबडे ठरले, त्याखाली नारिंगी, हिरवे आणि पांढरे. २०२० साली बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून वगळण्यात आले. ज्या वाढवण बंदराला प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता, त्याला २०२३ च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने संमती दिली. बंदर हवे की नको हा वाद येथे काढीत नाही. वस्तू तीच असून रकाना बदलला की तिचे भवितव्य बदलते, एवढे मात्र आपण ध्यानात घ्यावे.

आता तांबड्या त्रिकोणाकडे वळते. कीटकनाशकाचा कारखाना आपल्या तालुक्यात येऊ शकत नाही, पण कीटकनाशकाची बाटली खुशाल येते. त्या बाटलीवर एक कर्णावर उभा चौकोन छापलेला असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. तांबडा अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हा नियम १९७१ चा आणि त्याच्या मागचा कायदा १९६८ चा. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली, तेथून हा कायदा सुरू झाला.

हा रंग ठरतो तो असा : प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष लागते, ते पाहतात. तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंत लागले तर तांबडा, ५,००० च्या वर लागले तर हिरवा. म्हणजे रंग सांगतो तो एकाच वेळी पोटात गेलेल्या मात्रेचा परिणाम. वीस वर्षे थोडे थोडे अंगावर येणाऱ्या विषाविषयी तो गप्प राहतो. डीडीटी घ्या. ती मारून हिवताप हटविण्याची मोठी मोहीम देशाने १९५३ पासून चालविली आणि तिने असंख्य जीव वाचविले, हे नाकारता येणार नाही. परंतु ती चरबीत साठते आणि आईच्या दुधातही उतरते, हे पुढे सिद्ध झाले. १९८९ साली शेतीतील तिचा वापर बंद केला गेला. एंडोसल्फान केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षे फवारले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती २०११ साली.

चुन्याची डबी फडताळात असणे निराळे आणि चुना डोळ्यात जाणे निराळे. विषाचा गुण एक, ते कोणापर्यंत किती पोहोचते हा प्रश्न दुसरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर मृत्यू पावले, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले. आपल्याकडे फवारणी पुरुष करतात, हे खरे. परंतु ते कपडे धुते कोण? फवारलेल्या झाडाखालची फळे वेचते कोण? रिकामा डबा सुबक दिसला म्हणून घासून पाण्याला ठेवते कोण? वेष्टणाबरोबरच्या पत्रकात हातमोजे आणि मुखपट्टी फवारणाऱ्याला सांगितलेली असते, धुणारीला नाही. ते पत्रकही इतक्या बारीक अक्षरांत छापतात की चष्मा लावूनही डोळे फोडावे लागतात.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीस प्रत्येकीने आपल्या घरी किंवा कामावरच्या वाडीत जे औषध वापरतात, त्याचे नाव आणि त्रिकोणाचा रंग कागदावर उतरवून आणावा. बाटल्या मात्र आणू नयेत.