लुगड्याचं माप, वाकळीचं माप



छोट्या वाकळीचा नमुना मोठा कसा करायचा, असं हल्ली बऱ्याच जणी विचारतात. आपल्या आज्यांना हा प्रश्न सहसा पडत नसे, कारण वाकळीचं माप त्या ठरवतच नसत. ते लुगडं ठरवायचं.

हिशेब करून बघा. एक वार म्हणजे २ हात, म्हणून नऊवारी लुगडं १८ हात लांब. पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे अडीच हात. लुगड्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक साडेचार हातांचा होतो. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की साडेचार हात बाय पाच हात, इंचांत ८१ बाय ९०. उरलेल्या दोघांचंही तसंच. एक वरचा पदर, एक खालचा. मधे जुनी धोतरं, विरलेली पातळं. एका लुगड्यात एक पुरी वाकळ, आणि तिच्यात आई आणि दोन पोरं झोपतात. कातरीला काम नाही, टेप तर घरात नव्हतीच. बाळाचं दुपटं हवं असेल तर अडीच हातांचा चौकोन फाडायचा, म्हणजे पन्ह्याइतकीच लांबी. तेही माप कापडानंच दिलेलं.

सातारा-सांगलीकडे आपण वाकळ म्हणतो, पुण्याकडे गोधडी, आणि मिरजेच्या पलीकडे आपल्या कानडी बोलणाऱ्या घरांत कौदी. नावं तीन, पण शिवण्याची चाल बरीच सारखी. कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फेर घेत घेत मधे यायचं.

मग विसाव्या शतकात हळूहळू सहावारी आली. १२ हातांचे चार तुकडे केले तर प्रत्येकी ३ हात. जोडल्यावर ३ बाय ५ हात, म्हणजे ५४ बाय ९० इंच. एका माणसापुरती वाकळ. त्याच काळात जमिनीवरचं अंथरूण उठून पलंग आला, आणि मोठ्या पलंगाची गादी ७२ इंच रुंद. साडी एक तृतीयांशानं आखडली आणि झोपायची जागा वाढली. वाकळ ‘मोठी करण्याची’ अडचण इथून सुरू होते. आजीला येत होतं आणि आपल्याला येत नाही असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. आजीच्या हातात दीडपट कापड होतं!

मोठी करायला वाटा दोन. पहिली, फेर वाढवणं. ती आपल्याला देवळातल्या जंबूद्वीपाच्या नकाशावरून माहीत आहे. जंबूद्वीपाचा व्यास १ लाख योजन, भोवती लवण समुद्र २ लाख योजन रुंद, मग धातकीखंड ४ लाख, कालोदधी ८ लाख. प्रत्येक फेर आधीच्याच्या दुप्पट. लवण समुद्राची बाहेरची कड धरली तर व्यास ५ लाख होतो, म्हणून क्षेत्रफळ २५ पट. त्यातून मधलं १ वजा केलं की समुद्र जंबूद्वीपाच्या २४ पट. कापडालाही हाच नियम. मधे १ हाताचा चौकोन ठेवून चहूबाजूंनी २ हातांचा फेर दिला तर फेराला २४ चौकोनांचं कापड लागतं. ‘फक्त एक किनार तर लावायची आहे’ म्हणून बसणाऱ्या बायकांचं कापड अर्ध्यात संपतं ते यामुळे.

५४ बाय ९० ला चारही बाजूंनी फेर देऊ नका, लांबी पायाखाली लोळते. दोन्ही अंगांना १८-१८ इंचांच्या पट्ट्या लावा, ९० चा चौकोन होतो. जोडासाठीचं कापड वेगळं धरा. पट्ट्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पदरांना हव्यात, आणि आतल्या थरांनाही. नाहीतर कडा पोकळ राहतात.

दुसरी वाट चौकडी मोठी करण्याची. सहा बोटांची चौकडी नऊ बोटांची केली की बाजू दीडपट होते, पण कापड सव्वादोनपट लागतं. आणि माया वाढवायची नाही. सहा बोटांच्या चौकडीला दोन्हीकडे अर्धं अर्धं बोट माया धरून तुकडा सात बोटांचा कापतो. त्या सातालाच दीडपट केलं तर साडेदहा येतात, आणि हवेत दहा. एका ओळीत नऊ चौकड्या असतील तर साडेचार बोटांची ओळ जास्त होते, मग शेजारच्या ओळीशी जोड जुळत नाहीत. आधी शिवून झालेलं माप वाढवायचं, माया शेवटी मिळवायची.

धावदोऱ्याच्या ओळींमधलं अंतरही वाढवू नका. चौकडी कितीही मोठी झाली तरी ओळी बोटभर अंतरानंच घ्या. लांब लांब घेतल्या की दोन धुण्यांत आतले थर सरकून गोळा होतात.

जुन्या वाकळींत चौकड्या लहान का, याचंही उत्तर कापडात आहे. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. चांगला उरलेला भाग जेवढा, तेवढंच ठिगळ. ते धुऊन, कडक उन्हात टाकून, झटकून मगच थरात घ्यायचं, आत जीवजंतू राहू नयेत म्हणून.

बोटांच्या मापाबद्दल आपल्या ग्रंथांत फार सुंदर विचार आहे. यतिवृषभाचार्यांचा प्राकृतातला ‘तिलोयपण्णत्ती’ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमालेत छापला, पहिला भाग १९४३ साली. संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. उपाध्ये आपल्याच भागातले, चिकोडीजवळच्या सदलग्याचे, कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवत. त्या ग्रंथात ६ अंगुळांचा पाद, २ पादांची वीत, २ वितींचा हात असं कोष्टक आहे. पण अंगुळ तीन प्रकारचं. शरीराची उंची उत्सेधांगुळानं, द्वीप-समुद्र त्याच्या ५०० पट मोठ्या प्रमाणांगुळानं, आणि कलश, आरसा, गाडा, शय्या अशा वापरातल्या वस्तू आत्मांगुळानं, म्हणजे त्या त्या काळच्या माणसांच्या स्वतःच्या बोटानं. अंथरूण त्या तिसऱ्या यादीत येतं. ‘सहा बोटं’ म्हटलं की कुणाची बोटं, हे विचारावं लागतं.

सांगलीत आता ते विचारायलाही फारसं काही उरलेलं नाही. २००५ आणि पुन्हा २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथल्या वाकळी गेल्या. सहा-सात थर पाणी धरून बसतात, चौघींना उचलत नाहीत, आणि ऊन पडेपर्यंत आतून कुजतात. रस्त्याकडेला त्यांचे ढीग होते. नऊवारीतल्या वाकळी होत्या त्या, पुन्हा त्या मापाचं जुनं लुगडं कुठून आणणार? म्हणून ज्यांच्याकडे एखादी शिल्लक आहे त्यांनी ती वापरत असतानाच मोजून ठेवा. लांबी-रुंदी, एका ओळीत किती चौकड्या, एका चौकडीत किती ओळी दोऱ्याच्या.

आमच्याकडची एक माळ्यावर असल्यानं वाचली. आजेसासूबाईंच्या हातची. तिच्या सहा बोटांच्या चौकड्या टेपनं सव्वाचार इंच भरतात, माझी सहा बोटं साडेचार. मुलीच्या पलंगासाठी मी तिच्याच चौकडीवरून पुठ्ठ्याचा साचा कापला आणि त्याचा दीडपट केला, सहा इंच तीन दोरे. माया वेगळी.