दोन रात्रींचे बंगळूर

महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर असलेल्या मराठी मंडळींना जुन्या मित्रांच्या भेटीसाठी मुंबई-पुणे गाठणे नेहमी साधतेच असे नाही. मग चौघे-पाच जण चार दिशांनी निघून मध्ये कोठे तरी एकत्र येतात. आणि दक्षिणेत असणाऱ्यांचा हा मध्य बहुधा बंगळूर ठरतो. शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची दुपार, एवढाच काय तो अवधी हाती असतो. त्यात जेवावे कोठे, रात्री बसावे कोठे आणि परतावे केव्हा, हे तीन प्रश्न उभे राहतात. वरवर पाहता हे प्रश्न निव्वळ चैनीचे वाटतील. परंतु त्यांची उत्तरे शोधू लागल्यास ती या नगराच्या चार शतकांच्या इतिहासातच सापडतात. म्हणून पुढील बेत आम्ही रस्त्यांच्या नकाशाप्रमाणे न आखता शक्य तितका कालक्रमाने आखला आहे.

शुक्रवारची संध्याकाळ मल्लेश्वरमला द्यावी. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुण्याच्या जहागिरीची आठवण आपण ठेवतो. बंगळूरच्या दरबाराची मात्र आपल्याला फारशी आठवण नसते. वस्तुतः शहाजीराजांचा दरबार म्हणजे बहुभाषिक विद्वानांची एक अखंड मैफलच होती. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्याचा कर्ता जयराम पिंड्ये आपण बारा भाषांत कविता करतो असे सांगत याच दरबारी आला होता. संस्कृतपासून कानडीपर्यंतच्या काव्यास एका सभेत दाद मिळत होती. आज बंगळुरात एकाच मेजावर चार भाषा ऐकू आल्या तर नवल वाटावयाचे कारण नाही; त्या नगरीची ती जुनी रीत आहे. १६६४ मध्ये शहाजीराजे होदिगेरे येथे वारले. पुढे १६८७ मध्ये शहर मोगलांनी घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. व्यंकोजीराजांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख मात्र काडु मल्लेश्वराच्या देवळाशी जोडलेला राहिला. देवदर्शन करावे आणि जवळच्या सेंट्रल टिफिन रूममध्ये, म्हणजे आजच्या श्री सागरमध्ये, लोण्याचा डोसा खावा. १८९८ च्या प्लेगानंतर जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी मल्लेश्वरम व बसवनगुडी ही उपनगरे आखली गेली, हेही तेथील रुंद रस्त्यांवरून चालताना ध्यानात येईल.

पेठेची रात्र ही मुळात देवाची रात्र होती. चैत्री पौर्णिमेला धर्मरायाच्या देवळातून निघणारा करग रात्रभर पेठेत फिरतो. स्त्रीवेषातील पुजारी मस्तकी पुष्पांचा डोलारा घेऊन चालतो, भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात आणि ही मिरवणूक मस्तान साहेबांच्या दर्ग्यासही थांबते. आमच्या मते बंगळूरचे खरे रात्रजीवन येथून सुरू होते, आणि ज्यांचा बेत वसंतात पडेल त्यांनी तो या तिथीशी जुळवून घ्यावा. पुढे शिवनसमुद्राच्या जलविद्युत्‌केंद्रातून, जेथील वीज १९०२ मध्ये प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली होती, ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. हिंदुस्थानातील बहुतेक शहरे तेव्हा रॉकेलच्या उजेडात चाचपडत होती. तिथी नसतानाही रात्री बाहेर पडता येते, हे या दिव्यांनी नगरास शिकविले.

शनिवारी दुपारनंतर छावणीकडे वळावे. टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणची हवा इंग्रजी फौजेस मानवेना, म्हणून १८०९ मध्ये छावणी बंगळुरास आली आणि एका नगराची दोन नगरे झाली. मध्ये कब्बन पार्क. अलीकडे पेठ, पलीकडे क्लब, बँड आणि नृत्यगृहे. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस क्लबच्या वहीत तरुण चर्चिल यांच्या नावे तेरा रुपयांची थकबाकी १८९९ साली नोंदली गेली, ही गोष्ट लोक हसत सांगतात. आम्हांस त्यात दुसरेही काही दिसते. परक्या लष्करी अधिकाऱ्यास उधारीवर बसता येत होते. ज्या नगरात तो बसला होता तेथील रहिवाशांस मात्र त्या दाराशी रोखीनेही प्रवेश नव्हता. ही दोन नगरे एका महापालिकेखाली आली ती १९४९ मध्ये.

परंतु दारे केवळ गोऱ्यांनीच लावली होती असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्या काळच्या दक्षिणेतील अनेक उपाहारगृहांत ब्राह्मणांची बैठक वेगळी असे. उडुपीकडून आलेल्या कुटुंबांनी बंगळुरात टिफिन रूम व कॉफी क्लब उभारले. दुसऱ्या बाजूस मांसाहारी जेवणाची ‘मिलिटरी हॉटेले’ निघाली, आणि ती काढणाऱ्यांत तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठा घराणीही होती. जयनगरातील शिवाजी मिलिटरी हॉटेलचे नावच पुरेसे बोलके आहे. तेथे पानाच्या दोन्नेत बिर्याणी वाढतात. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच. नाचणीचा मुद्दे आणि मटणाचा रस्साही अशा ठिकाणी मिळतो. तेथे शनिवारी भर दुपारीच जावे. त्याच दिवशी सकाळी गांधी बाजारातील १९४३ पासूनच्या विद्यार्थी भवनात मसाला डोसा खाऊन घ्यावा. शुक्रवारी ते बंद असते, हे बेत आखताना विसरू नये.

एकाच दिवशी हे दोन्ही करावे, असा आमचा आग्रह का? आपल्या मित्रमंडळात शाकाहारी असतो, मांसाहारी असतो, मद्य वर्ज्य मानणारा असतो आणि न मानणाराही असतो. यांनी शेजारी-शेजारी बसावे ही आज सहज वाटणारी गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीस सहज नव्हती. १९५० च्या संविधानाने पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि करमणुकीची स्थाने यांत प्रवेश करताना धर्म, जात वा लिंग आड येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. हॉटेलाचा उल्लेख राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात करावा लागला, यावरूनच त्या दारांचा जडपणा कळतो.

शनिवारची रात्र चर्च स्ट्रीट व ब्रिगेड रोड यांची. १९१५ मध्ये लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील जुन्या बियरच्या भट्ट्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी काढली. तिचे मुख्य ठाणे पुढे बंगळूर झाले. विमाने, दूरध्वनी, घड्याळे यांच्या सरकारी कारखान्यांनी आणि १९८५ नंतर आलेल्या संगणक कंपन्यांनी देशभरचे तरुण येथे आणले. त्यांना ना घर होते, ना नातलगांचा धाक. पबाची बैठक त्यांचा ओटा झाली. २०१० पासून इंदिरानगरात टॉइटसारख्या ठिकाणी बियर जागेवरच गाळली जाऊ लागली. साडेअकराची मर्यादा २०१४ मध्ये शुक्रवार-शनिवारपुरती रात्री एकपर्यंत वाढली. ज्यांस पेय नको त्यांनी इंडियन कॉफी हाउसमध्ये आधी बसून घ्यावे. १९५९ चे ते गृह २००९ मध्ये महात्मा गांधी रस्त्यावरून उठून चर्च स्ट्रीटवर आले आहे.

परतण्याचा प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही. २०१६ च्या वर्षअखेरच्या रात्री याच रस्त्यांवर स्त्रियांचा विनयभंग झाल्याच्या बातम्यांनी देश हादरला. कलमात ‘लिंग’ हा शब्द आहे. रस्त्यावर तो अद्याप पुरता उतरलेला नाही. म्हणून मंडळात स्त्रिया असोत वा नसोत, कोण कोणाबरोबर परतणार हे बेतातच लिहून ठेवावे आणि शेवटचा माणूस घरी पोचल्याचा निरोप आल्याखेरीज रात्र संपली असे समजू नये.

रविवारी सकाळी लालबागेपाशी मावळ्ळी टिफिन रूम गाठावे. १९२४ मध्ये मय्या बंधूंनी सुरू केलेल्या या गृहाने महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला तेव्हा रव्याची इडली काढली, असे सांगतात. आणीबाणीत पदार्थांचे दर सक्तीने उतरविले गेले, तेव्हा मालकांनी जिन्नसाचा दर्जा उतरविण्याऐवजी उपाहारगृहच काही काळ बंद ठेवले आणि तयार पिठे पुड्यांत भरून विकावयास सुरुवात केली. त्या पुड्या आज परदेशीही जातात. रांग लांब असते. परंतु पुढील बदलीचा हुकूम कोणास कोठे नेईल हे ठाऊक नसलेल्या मित्रांना रांगेतला तासही जास्तीचाच मिळालेला असतो. तो बोलण्यात घालवावा, आणि पुढच्या भेटीची तारीख इडली येण्यापूर्वी ठरवून टाकावी.