संपाच्या सालची लावणी

आमच्या घरात सालांना आकडे नव्हते. आत्याचं लग्न कधी झालं असं विचारलं की आजी सांगायची, "भूकंपाच्या आदल्या शिमग्यात." थोरल्या काकांचा जन्म, खोताची वेठ सुटली त्या पावसाळ्यातला. आणि मी भूकंपाच्या पाठच्या सालचा. ही सालं पुढे मी एकेक करून पुस्तकातल्या सालांशी जुळवत गेलो, तेव्हा कळलं की शाळेत ज्याला इतिहास म्हणत होते तो आमच्या भाताच्या चार कुणग्यांवरूनच चालत गेला होता.

आमची वाडी खेडच्या पूर्वेला, रसाळगडाच्या अंगाला. पडवीत उभं राहिलं की रसाळगड, सुमारगड, महिपतगड अशी डोंगराची ओळ दिसते. खाली भाताचे कुणगे, वर उतारावर नाचणी-वरीचं वरकस. वडील लालबागला गिरणीत, साचाखात्यात. मे महिना लागला की आई आम्हां भावंडांना घेऊन एस.टी.त बसायची. पोलादपूर मागे पडून कशेडी घाट लागला की धाकट्या बहिणीला हमखास उलटी व्हायची. भरणे नाक्यावर उतरलो की आजा बैलगाडी घेऊन उभा. कधीपासून उभा असायचा, देव जाणे. विचारलं तर म्हणे, "आताच आलो."

सुट्टी म्हणजे आंबे-काजू हे खरंच, पण गावाला ते दिवस आगोटीच्या, पावसाआधीच्या तयारीचे. आजीच्या हातात काम नाही असा क्षण मला आठवत नाही, आणि आमच्या हातात नसलेला तिला खपत नसे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, सालं त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची. असं चार-पाच दिवस चाललं की सालं काळीभोर होत, तीच वर्षभराची आमसुलं. बियांचं तेल निघे. त्याचा उपयोग पुढे सांगतो. हर्णै-दाभोळकडच्या बायका सुकट-बोंबील घेऊन येत आणि आजी पायलीभर तांदूळ मोजून देताना त्यांच्या घरच्या लेकीसुनांची चौकशी करी. पडवीला पावसाच्या बाजूने झावळ्यांची झडप बांधायची, लाकडं माच्यावर रचायची, इरली उतरवून तपासायची.

आजाचं मुख्य काम दाढीचं. दाढ म्हणजे भाताचं रोप, तरवा, जिथे करायचं तो तुकडा. त्यावर शेण, ऐन-किंजळीची कवळं, पातेरा, गवत असे थर, वर माती, आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग. भडकून जळली तर उपयोग नाही, धुमसत जळली पाहिजे. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं. आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात की या भाजावळीपायी झाडं ओरबाडली जातात, आणि ते खरंच आहे. पण कवळ तोडताना आजा शेंड्याची फांदी कधी तोडत नसे. तोडू पाहणाऱ्या पोराला तो ज्या नजरेने बघे, ती अजून लक्षात आहे.

संध्याकाळी खळ्यात बाज टाकली की आजीचं बोलणं सुरू. तिच्या सांगण्यात खोत फार. आमची जमीन तेव्हा आमची नव्हती, खोताची होती. भाताचा निम्मा वाटा खोताला, तो अर्धेल. वरकसावरचा तिसरा, तो तिर्धेल. वर वेठ, दर आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं. पाऊस नेमका लावणीजोगा पडला की आपलं जोत आधी खोताच्या शेतात. "आपला तरवा पिवळा पडायचा, पोरा, आणि आपले बैल दुसऱ्याच्या चिखलात," हे सांगताना तिचा आवाज इतक्या वर्षांनीही चढायचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, हे मी मोठेपणी वाचलं. आजीच्या तोंडून मात्र आधीच ऐकलं होतं: "तुझा पणजा बोटीने म्हमयला गेला, आंबेडकर सायबांच्या मोर्च्याला." आजा लगेच म्हणायचा, "बा नव्हता गेला, चुलता गेला. बा बैल राखायला घरी." यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. कोण गेला ते आता ठरणार नाही, पण आमच्या घरातलं कुणीतरी तिथे होतं यावर दोघेही ठाम होते. खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला, आणि कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणारा मालक ठरला. सातबारावर नाव लागलं त्या दिवशी आजाने खेडच्या बाजारातून काय आणलं? आजीला फक्त गूळ आठवे. पूर्ण ढेप.

भूकंपाची गोष्ट मात्र दोघे मिळून सांगायचे. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयना आमच्यापासून दूर नाही, मधे सह्याद्रीची भिंत तेवढी. आजा खळ्यात भाताच्या उडवीजवळ झोपलेला. अंग हललं तेव्हा त्याला वाटलं बैल सुटून उडवीत शिरला, म्हणून काठी घेऊन उठला तर बैल दाव्याला आणि जमीनच थरथरतेय. आत फळीवरची भांडी खाली, कौलं घसरलेली, आजी धाकट्या काकाला कवटाळून दारात. सकाळी कुणाच्या तरी रेडिओवर कळलं की कोयनानगर कोसळलं, माणसं गेली. मग धरण फुटलं अशी आवई उठली आणि वाडी अंथरूण-पांघरूण घेऊन डोंगरावर चढली. कोयना कऱ्हाडच्या अंगाला वाहते, आपल्याकडे कशी येईल, हे सांगणारं कुणी नव्हतं. गंमत अशी की त्या धरणाचं पाणी वीज करून झाल्यावर खरोखरच कोकणात उतरतं, वाशिष्ठीला मिळतं. आणि आमची जगबुडीही पुढे वाशिष्ठीलाच मिळून दाभोळच्या खाडीत जाते.

मला स्वतःला पुरतं कळतं ते साल संपाचं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या, अडीच लाख कामगार घरी बसले. चैत्रापर्यंत वडील पिकेटिंगला जात होते, मग भिशीचे पैसे संपले, आईच्या पाटल्या गेल्या. त्या वर्षी आम्ही मेमध्ये गावी आलो ते जूनमध्ये परत गेलो नाही. एरवी शाळेसाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात परतावं लागे, म्हणजे आगोटीची तयारी आम्ही करायची आणि लावणी बघायची नाही. त्या साली बघितली.

वडीलही ट्रंक घेऊन आले. कितीतरी वर्षांनी त्यांनी नांगर धरला. बैलांना त्यांचा हाकारा ओळखीचा नव्हता, पहिल्या फेरीला तास वाकडं गेलं. बांधावर बसलेला आजा काही बोलला नाही. उठून बैलांच्या पुढे चालू लागला, कासरा न धरता. बैल त्याच्या मागे आणि वडील बैलांच्या मागे, असे ते दोघे त्या दिवशी दुपारपर्यंत चिखळणी करत होते.

बायका इरली पांघरून ओळीने वाकलेल्या, मागे मागे सरकत लावत जायच्या. माझं काम तरव्याच्या जुड्या चिखलात बेताच्या अंतरावर फेकण्याचं. लांब पडली की आजी मान वर न करता म्हणे, "पोरा, मी काय तिथवर पोहत जाऊ?" वाडीतली सगळी घरं आळीपाळीने एकमेकांच्या शेतात, मजुरीचा पैसा कुठेच फिरत नव्हता. दुपारी नाचणीची भाकरी, भाजलेला बोंबील, टाकळ्याची भाजी, कच्चा कांदा. चिखलाच्या हाताने, पावसात. रात्री भाऊ आणि मी कंदील घेऊन बांधावर मुठे खेकडे पकडायला जायचो. मग चुलीपुढे आजी सगळ्यांच्या भेगाळलेल्या टाचांना तेच कोकमाचं तेल कोमट करून चोळायची, वडिलांच्याही. चाळिशीतला माणूस पाय पुढे करून लहान मुलासारखा बसलेला.

गणपतीनंतर आम्ही परतलो. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. ते पुढे एका दुकानात हिशेब लिहीत, पण दर लावणीला गावी जात राहिले, आजा गेल्यावरही.

आता रेल्वे खेडला थांबते, कशेडी घाटातल्या उलट्या संपल्या. वरकसावर 1990 नंतरच्या रोजगार हमीतल्या फळबागेतून आलेला काजू उभा आहे, नाचणी नाही. कुणग्यांत पॉवर टिलर फिरतो आणि लावणीला माणसं मिळवण्यात पुतण्याचा अर्धा जून जातो. तरी तो जमीन पड टाकत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. माझी नात मेमध्ये येते, रातांबे फोडते, हात लाल करून घेते आणि विचारते, ही झडप का बांधायची, हे कुणी सांगितलं?

तिच्यासाठी मी एक वही केली आहे. डाव्या बाजूला आजीची सालं, उजव्या बाजूला आकडे. वेठ सुटली, नाव लागलं, भूकंप, संप, सगळ्यांच्या पुढे आकडा आहे. "साकव गेला ते साल" एवढं मोकळं आहे. त्या पावसात पणजी वारली. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, दापोलीला लेकीकडे असते, आणि तिला आजीपेक्षा चांगलं आठवतं असं आजीच म्हणायची. शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा तिला आणायचं ठरलं आहे.