चंचल चित्ताचा इतिहास

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इ. स.च्या ५ व्या शतकात याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तेथील शिलालेखात राजवंशाची स्तुती आहे, दात्याचे नाव आहे. छिन्नी चालविणाऱ्यांचे नाव नाही. ध्यानाला लागणारी शांतता त्यांनी दगडातून कोरून दिली. तेथे बसण्याची फुरसत त्यांना किती मिळाली असेल? ध्यानाचा इतिहास लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. अवघ्या ५३ दिवसांनी ते गेले. त्रिशरण, पंचशील, वंदना आपण आत्मसात केली. चित्त कसे सांभाळावे हे शिकविणारा भिक्षू बहुतेक खेड्यांत नव्हता. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा त्याच शहरात ऊ बा खिन हे हिशेब खात्यातील वरिष्ठ अधिकारी गृहस्थांना विपश्यना शिकवीत होते. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीला शिबिरे भरू लागली.

आमचे कार्यकर्ते म्हणतात, ध्यान ही लढ्यातून पळवाट आहे. ही शंका निराधार नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच विचारले आहे की, भिक्षू हा केवळ परिपूर्ण मनुष्य असावा की समाजसेवक? नुसत्या परिपूर्णतेत त्यांना स्वार्थ दिसला.

माझे वडील सालदार होते. पौर्णिमेला विहारात डोळे मिटले की मला त्यांचे सालाचे पैसे आठवतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी आडनाव सांगताच खोलीत पसरलेला अबोला आठवतो. आपल्या लोकांना हे जमणारच नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटे.

मग मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्त वाचले. भटकणाऱ्या विचारांवर त्यात पाच उपाय आहेत: दुसरा कुशल विचार आणणे, त्या विचारातील हानी पाहणे, त्याकडे लक्ष न देणे, त्याचा वेग हळूहळू कमी करणे आणि शेवटी दात आवळून निग्रहाने तो दाबणे. पहिल्या उपायाला दृष्टांत आहे सुताराचा. बारीक खुंटी ठोकून तो जाड खुंटी बाहेर काढतो. हा उपदेश भिक्षूंना केलेला आहे. म्हणजे ज्यांना पोटाची चिंता नव्हती, त्यांचेही चित्त भटकत होते. चंचलता हा आपल्या जातीचा दोष नव्हे.

परंतु येथे एक भेद केला पाहिजे. अपमानाच्या आठवणीने मी रात्रभर जळतो, ही हानी माझी. अपमान घडविणारी व्यवस्था ही हानी समाजाची. पहिलीवर श्वासाकडे परत येणे हा उपाय आहे. दुसरीवर तो नाही. तिथे अर्ज, मोर्चा, न्यायालय हेच मार्ग आहेत. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलले की ध्यानही फसते आणि लढाही.

आमच्या विहारात वंदनेनंतर १० मिनिटे आनापान होते. मन पळते, आम्ही ते परत आणतो. त्यानंतर त्याच सतरंजीवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात.